फॅमिली लिंक आणि स्क्रीन टाइम: न ऐकणाऱ्या वयातल्या मुलांच्या घरी ही साधनं किती टिकतात

मुलाच्या फोनवर पालकांना वेळमर्यादा आणि कुलूप लावू देणारी ही दोन्ही साधनं फुकट आहेत, दोन्ही बऱ्यापैकी काम करतात आणि दोन्ही एकाच जागी फसतात: घरात आधीच बोलणं बंद पडलेलं असेल तिथे. गूगलचं फॅमिली लिंक २०१७ साली आलं, ॲपलचं स्क्रीन टाइम २०१८ साली आयफोनच्या आयओएस १२ या प्रणालीबरोबर. आठ वर्षांचं मूल फोनला कुलूप लागलं की थोडं रडतं आणि दुसऱ्या खेळाकडे वळतं. चौदा वर्षांचं मूल कुलूप लागलं की ते कसं उघडतं हे शोधायला बसतं, आणि बहुतेक वेळा शोधून काढतं. म्हणून हे परीक्षण १३ ते १७ वयापुरतंच आहे. त्यातही जिथे मूल उलट बोलतं, लपवतं, नियम मुद्दाम मोडून दाखवतं, अशा घरांपुरतं.

निवडीचा प्रश्न फारसा उरत नाही, कारण ती मुलाच्या हातातला फोन करतो. अँड्रॉइड असेल तर फॅमिली लिंक, आयफोन असेल तर स्क्रीन टाइम. फॅमिली लिंकची फोनभरची वेळमर्यादा आणि कुलूप फक्त अँड्रॉइड आणि क्रोमबुकवर चालतात. मुलाने त्याच खात्याने आयफोनवर प्रवेश केला तर तो आयफोन बंद होत नाही. पालकाचा फोन मात्र कुठलाही चालतो. स्क्रीन टाइम दुरून वापरायचं तर पालकाकडेही ॲपलचंच उपकरण लागतं. आई अँड्रॉइडवर आणि मुलगी आयफोनवर असेल तर आईला सगळं मुलीच्याच फोनवर चार आकडी कोड टाकून लावावं लागतं, आणि दर वेळी बदल करायला तो फोन मागून घ्यावा लागतो. वाद असलेल्या घरात 'फोन दे जरा' हे वाक्यच ठिणगी असतं. मुलासाठी नवा फोन घेण्याआधी एवढं बघून घ्या.

सोपेपणात फॅमिली लिंक पुढे आहे: एका पडद्यावर आजचा वापर, रोजची मर्यादा, झोपेची वेळ, ॲपची यादी. बारीक नियम लावायचे तर स्क्रीन टाइम सरस. त्यात ॲपच्या गटांवर, एकेका ॲपवर, एकेका संकेतस्थळावर वेगळी मर्यादा लावता येते आणि बंद वेळेत कुणाशी बोलता येईल हेही ठरवता येतं. पण हे पर्याय इतक्या पडद्यांखाली दडलेले आहेत, की अर्धे पालक पहिल्या दोनांवरच थांबतात.

दोघांनाही काय दिसत नाही

मुलाचे मेसेज ही साधनं दाखवत नाहीत, फोनचा पडदा दुरून बघू देत नाहीत, कॉल ऐकवत नाहीत. दिसतं ते एवढंच: कुठलं ॲप किती वेळ, कुठलं नवं ॲप मागितलं, फोन कुठे आहे (आयफोनवर हे ॲपलच्या 'फाइंड माय' ॲपमधून). अनेक पालक याला उणीव समजतात आणि मग गुपचूप मेसेज वाचणारी ॲप शोधतात. आमच्या मते ही या दोघांची सर्वांत चांगली बाजू आहे, आणि त्यामागे भक्कम कारण आहे.

होकन स्टॅटिन आणि मार्गारेट कर या संशोधकांनी मध्य स्वीडनमधल्या १४ वर्षांच्या ७०३ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. ज्या घरात आईवडिलांना मुलाबद्दल जास्त माहिती असते तिथली मुलं कमी भरकटतात, हे आधीपासून माहीत होतं. त्यावरून 'पाळत ठेवा' असा सल्ला सर्रास दिला जायचा. या दोघांनी साधा प्रश्न विचारला: ही माहिती पालकांकडे येते कुठून? उत्तर असं निघालं की ती मुख्यतः मूल आपणहून सांगतं त्यातून येते. खोदून विचारणं आणि बंधनं घालणं यांचा वाटा त्यामानाने थोडा होता.

कुठलंही पालक-नियंत्रण ॲप याच कसोटीवर घासून बघावं: ते लावल्यावर मूल घरी जास्त सांगतं की कमी? मुलांचं स्वतःचं मत फारसं चांगलं नाही. २०१८ साली एका संशोधनात अशा ३७ ॲपवर मुलांनी लिहिलेले ७३६ अभिप्राय तपासले गेले. ७६ टक्के अभिप्रायांत एकच तारा होता. तक्रारी दोन: जाच फार आहे, आणि यामुळे आईबाबांशी नातं बिघडलं. पण त्याच अभिप्रायांत, स्वतःच्या सवयीला लगाम घालायला मदत करणाऱ्या सोयी मुलांना आवडल्याचंही दिसलं. म्हणजे लगामाचं त्यांना वावडं नाही, तो दुसऱ्याच्या हातात असण्याचं आहे.

बसवण्याआधी

तेरा ओलांडलेल्या मुलाच्या आधीपासूनच्या गूगल खात्यावर देखरेख सुरू करायची असेल तर त्याची संमती लागते आणि ती त्यालाच द्यावी लागते. हे अनेकांना अडचणीचं वाटतं. खरं तर त्यामुळे बोलणं टाळता येत नाही, हा फायदाच आहे. ॲपलकडे कुटुंब-गटात १८ खालच्या सदस्याला पालक स्वतःच्या फोनवरून नियम लावू शकतो. रात्री मूल झोपल्यावर ते लावून टाकायचा मोह होतो. तो टाळा. सकाळी फोन अचानक बंद आढळला की पुढचे दोन महिने त्या एका रात्रीची परतफेड करण्यात जातात.

आधी एक आठवडा फक्त मोजा. दोन्ही साधनांत मर्यादा न लावता वापर बघता येतो. मुलाला सांगून मोजा, आणि घरातल्या मोठ्यांचे फोनही त्याच आठवड्यात मोजा. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की चर्चेचा सूर बदलतो. बाबांचे साडेचार तास आणि मुलाचे साडेपाच असतील तर 'तू दिवसभर फोनवर असतोस' हे वाक्य आपोआप गळून पडतं.

मग बैठक. भांडणाच्या दिवशी नको, परीक्षेच्या आदल्या दिवशी नको, जेवतानाही नको. अर्धा ते पाऊण तास पुरतो. त्याआधी आईबाबांनी आपसांत एकमत करून यावं, कारण मुलासमोर दोघांचा वाद सुरू झाला की बैठक तिथेच संपते. कागदावर तीन रकाने काढा. पहिल्यात ज्यावर तडजोड नाही ते: झोप, सुरक्षितता, पैसे. हा रकाना तीन-चार ओळींपेक्षा मोठा झाला तर काहीतरी चुकतंय. दुसऱ्यात वाटाघाटीचे मुद्दे: किती तास, कुठली ॲप, सुट्टीच्या दिवशी काय. तिसऱ्यात ज्यात पालक पडणार नाहीत ते: मित्रांशी काय बोलतो, काय ऐकतो, केस कसे ठेवतो. तिसरा रकाना रिकामा ठेवणाऱ्या पालकांना पहिल्या रकान्यातलंही काही मिळत नाही. या वयात मुलाला 'इथे माझं चालतं' अशी जागा हवीच असते. ती दिली नाही तर तो झोपेच्या वेळेवरून ती मिळवायला बघतो.

किती तास ठेवावेत याचं एकच योग्य उत्तर नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ च्या मार्गदर्शनात मोठ्या मुलांसाठी तासांचा ठराविक आकडा दिला नाही. झोप, व्यायाम आणि बाकीचं आयुष्य यांना धक्का लागू नये, घराने स्वतःचे सातत्याचे नियम ठरवावेत, असा रोख ठेवला. झोपेचा आकडा मात्र ठाम आहे: १३ ते १८ वयात दिवसाला ८ ते १० तास. म्हणून उलटं मोजा. उठण्याची वेळ सकाळी साडेसहा असेल तर साडेदहाला झोप लागायला हवी, म्हणजे दहाला फोन शांत. एक गोष्ट मुलाच्या बाजूने: या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप येण्याची वेळ एक-दोन तासांनी लांबते. साडेनऊला 'झोप येत नाही' म्हणणारं मूल दर वेळी नाटक करत नसतं.

मर्यादा मोजलेल्या सरासरीच्या थोडी खाली लावा. सरासरी ५ तास २० मिनिटं असेल तर पहिल्या पंधरवड्यात पावणेपाच, मग सव्वाचार. थेट दीड तासावर आणलेली मर्यादा पहिल्याच आठवड्यात मोडते, आणि मोडलेली मर्यादा पुन्हा लावणं पहिल्यांदा लावण्यापेक्षा अवघड असतं. कागदावर पुढच्या बैठकीची तारीख लिहा, दोन आठवड्यांनंतरची. ही तारीख पाळली गेली नाही तर मुलाचा त्या कागदावरचा विश्वास तिथेच संपतो.

नेमकं काय चालू ठेवायचं

फॅमिली लिंकमध्ये तीन गोष्टी पुरतात: झोपेची वेळ, रोजची एकूण मर्यादा आणि नव्या ॲपला परवानगी. एकेका ॲपवर वेगळी मर्यादा लावायच्या फंदात सुरुवातीला पडू नका. पंधरा ॲपचे पंधरा नियम कुणालाच लक्षात राहत नाहीत आणि रोज त्यातल्या एकावरून वाद होतो. रोजची मर्यादा प्रत्येक उपकरणाला वेगळी मोजली जाते, हे ध्यानात घ्या. फोनला दोन तास आणि टॅबलाही दोन तास लावले तर प्रत्यक्षात चार मिळतात. फोन, नकाशा, शाळेचं ॲप यांना 'नेहमी चालू' यादीत टाका. कुलूप असतानाही आलेला फोन मुलाला घेता येतो.

स्क्रीन टाइममध्ये एक खटका बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ॲपची मर्यादा लावताना 'मर्यादा संपल्यावर बंद करा' हा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. तो बंद असेल तर वेळ संपल्यावर मुलाला फक्त सूचना दिसते आणि एका टिचकीत ती बाजूला सारता येते. 'ॲप काम करत नाही' असं म्हणणाऱ्या घरांत आधी हेच तपासावं. डाउनटाइमलाही, म्हणजे ठरवलेल्या वेळेत फोन बंद ठेवण्याच्या सोयीलाही, तसाच स्वतंत्र खटका आहे. मर्यादा रोज मध्यरात्री नव्याने सुरू होते. म्हणून डाउनटाइम नसेल तर रात्री बारा वाजून एक मिनिटाला मुलाला अख्ख्या दिवसाचा कोटा पुन्हा मिळतो. मुलं हे पहिल्याच रात्री ओळखतात.

आणखी एक खोट: लावलेला डाउनटाइम आपोआप जुन्या स्थितीत परत जातो, अशा तक्रारी २०२३ साली आल्या आणि ॲपलनेही ते मान्य केलं. त्यामुळे 'तूच सेटिंग बदललीस' असा आरोप करण्याआधी पालकांनी स्वतःच्या फोनवर एकदा खात्री करावी. आरोप खोटा ठरला की त्या महिन्यात पालकांचं दुसरं काहीही ऐकून घेतलं जात नाही.

कुलूप लागतं तो क्षण

सगळं परीक्षण खरं तर या पाच मिनिटांवर येऊन थांबतं. वेळ संपते, मूल मधेच अडकतं, ओरडतं: 'सगळ्यांच्या घरी चालतं, तुम्हालाच काय झालंय!' आई फोन काढून अर्धा तास वाढवून देते. शांतता. ओरेगनमधले मानसशास्त्रज्ञ जेरल्ड पॅटरसन यांनी अशाच देवाणघेवाणीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला होता. ओरडल्यावर मुलाला हवं ते मिळतं, म्हणून ओरडणं पक्कं होतं. नमतं घेतल्यावर आईला शांतता मिळते, म्हणून नमतं घेणंही पक्कं होतं. दोघं एकमेकांना शिकवत राहतात आणि दर खेपेला आवाज थोडा वर जातो. ज्या घरात हे वर्षभर चालतं तिथलं मूल हीच रीत शाळेत आणि मित्रांत घेऊन जातं. पॅटरसन यांच्या मांडणीनुसार पुढच्या बेशिस्तीची मुळं इथे आहेत.

ॲपमधली वाढीव वेळेची सोय या चक्राला तेल घालू शकते किंवा ते तोडू शकते. फॅमिली लिंकमध्ये दिलेला वाढीव वेळ फक्त त्या दिवसापुरता असतो, मूळ मर्यादा बदलत नाही. स्क्रीन टाइममध्ये मूल विनंती पाठवतं आणि पालक १५ मिनिटं, एक तास किंवा दिवसभर असं मंजूर करतो. नियम असा ठेवा: कुलूप लागण्याआधी, कारण सांगून मागितलं तर बहुतेक वेळा हो, कुलूप लागल्यावर, आवाज चढवून मागितलं तर त्या दिवशी नाही. पहिला भाग दुसऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे. नीट मागूनही नकारच मिळत असेल तर नीट मागण्यात मुलाला काय फायदा?

विनंतीला दहा-पंधरा मिनिटांत उत्तर द्या, नकार असला तरी. दोन तास अनुत्तरित राहिलेली विनंती मुलाला एवढंच शिकवते की या बटणामागे कुणी नाही, दुसरी वाट शोध. आणि वाद सुरू झालाच तर एक वाक्य, कमी आवाजात, एकदाच: 'दहाला बंद हे आपण ठरवलंय, शनिवारी पुन्हा बोलू.' मग खोलीतून बाहेर पडा. पालकाने तिथे थांबून दिलेलं प्रत्येक स्पष्टीकरण नव्या वादाला मुद्दा पुरवतं.

नियम मोडल्याची शिक्षा आधीच कागदावर लिहिलेली आणि छोटी असावी: उद्या एक तास कमी, किंवा २४ तास खेळाची ॲप बंद. 'महिनाभर फोन नाही' ही शिक्षा दोन बाजूंनी फसते. आठवड्यात पालकांनाच मुलाशी संपर्कासाठी फोन परत द्यावा लागतो, आणि तोवर मुलाकडे गमावण्यासारखं काही उरत नसल्याने त्याला नीट वागायचं कारणही उरत नाही.

पळवाटा

पडद्यावरचं कुलूप किती पक्कं, यापेक्षा पळवाट सापडल्यावर घर काय करतं हे महत्त्वाचं. तरी माहीत असाव्यात. ॲप बंद, पण तेच ब्राउझरमध्ये उघडतं: ॲपबरोबर संकेतस्थळावरही मर्यादा लावा. घड्याळ मागे करणं: तारीख-वेळ स्वयंचलित ठेवा. मेसेजचं ॲप 'नेहमी चालू' यादीत आहे आणि त्यातली लिंक आतल्या आत उघडून व्हिडिओ चालतात: ते ॲप त्या यादीतून काढा, फक्त साधा फोन ठेवा. आयफोनचा चार आकडी कोड खांद्यावरून बघितला जातो, किंवा पडदा-रेकॉर्डिंग चालू ठेवून फोन पालकाच्या हातात दिला जातो: कोड स्वतःच्याच फोनवरून वापरा आणि तो फोन उघडण्याच्या कोडपेक्षा वेगळा ठेवा. संपूर्ण फोन पुसून नवा करणं: अँड्रॉइड त्यानंतर आधीचंच खातं मागतो, त्यामुळे फारसं साधत नाही.

सर्वांत जास्त वापरली जाणारी पळवाट यातली कुठलीच नाही. कपाटातला जुना फोन, मित्राचा फोन किंवा शाळेच्या कामाचा लॅपटॉप, हीच ती. त्यावर कुठल्याही ॲपचा इलाज चालत नाही.

पळवाट सापडली तर ती शांतपणे बुजवा, ठरलेली छोटी शिक्षा द्या आणि पुढच्या बैठकीत विचारा की मर्यादा कुठे जाचक होतेय. वारंवार पळवाटा म्हणजे बहुतेक वेळा मर्यादा चुकीच्या जागी लागली आहे. सगळे मित्र रात्री नऊ ते दहा एकत्र खेळतात आणि नेमकी तीच वेळ बंद असेल तर मूल हार मानणार नाही. तिथे तासभर पुढेमागे केलं तर निम्म्या लढाया थांबतात.

एका घरात दोन कायदे

आईने नाकारलेलं बाबांकडून मिळतं, ही या ॲपमधलीही जुनीच गोष्ट. दोन्हीकडे दोन पालकांना अधिकार देता येतात आणि दोघांच्याही फोनवर विनंती येते. कामाच्या दिवशी एकाने उत्तर द्यायचं, सुट्टीला दुसऱ्याने, अशी वाटणी केली तर गोंधळ कमी होतो. आईवडील वेगळे राहत असतील तर निदान झोपेची वेळ दोन्ही घरांत एकच ठेवा. बाकी नियम वेगळे असले तरी मुलं निभावतात. आजीआजोबांना कोड देऊ नका, त्यांना त्या पेचात टाकणं बरं नव्हे. पण मूल ज्यांचं ऐकतं अशा घरातल्या एका मोठ्या माणसाला, मामा असो वा आत्या, बैठकीला जरूर बसवा. न ऐकणाऱ्या वयात आईबाबांचं जे वाक्य भाषण वाटतं तेच मामाच्या तोंडून सल्ला वाटतं.

नकाशावरचा ठिपका

फोन कुठे आहे हे फॅमिली लिंक दाखवतं, आयफोनवर ते 'फाइंड माय' ॲपमधून दिसतं. फॅमिली लिंकला त्यासाठी फोन चालू आणि इंटरनेटला जोडलेला लागतो. यातला मोठा धोका तांत्रिक नाही. नकाशावर बघून, सगळं माहीत असताना 'कुठे होतास?' असं विचारणं, म्हणजे मुलाला खोटं बोलायला लावून पकडणं. एकदा असं झालं की पुढच्या वेळी फोन मित्राच्या घरी राहतो आणि मूल भलतीकडे. बघितलं असेल तर सांगून टाका: 'मी नकाशा बघितला, काळजी वाटली म्हणून.' ठिपका दोन्ही बाजूंनी दिसावा, आईबाबांचाही मुलाला. याने वादाची धार बरीच कमी होते.

मुलाला न सांगता फोनमध्ये घुसवायच्या हेरगिरीच्या ॲपना आम्ही एकही तारा देणार नाही. ती मुलाचे मेसेज आणि फोटो कुणातरी तिसऱ्याच्या यंत्रावर नेऊन ठेवतात. २०२१ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने स्पायफोन या ॲपच्या कंपनीला अशा पाळतीच्या धंद्यातूनच बाद केलं. गुपचूप गोळा केलेली माहिती नीट सांभाळलीही जात नव्हती, हे आरोपांत होतं. वर मुलाला कधी ना कधी कळतंच, आणि त्यानंतर घरात काही सांगितलं जात नाही.

त्यापेक्षा त्या त्या ॲपमधली कुटुंबाची सोय वापरा. उदाहरणार्थ इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ मध्ये किशोरांसाठी वेगळी खाती जाहीर केली: खातं आपोआप खासगी, ६० मिनिटांनंतर आठवण, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद. १६ खालच्या मुलाला हे सैल करायला पालकाची परवानगी लागते. पालकाला गेल्या ७ दिवसांत मूल कुणाशी बोललं ते दिसतं, काय बोललं ते नाही. ही रेषा योग्य जागी ओढलेली आहे. अर्थात खातं काढताना जन्मवर्ष खोटं टाकलं असेल तर यातलं बरंच काही लागू होत नाही, म्हणून ते एकदा मुलासोबतच तपासा.

कागदावरची एक ओळ

करारातली सर्वांत कामाची ओळ ॲपमध्ये कुठेच लावता येत नाही: 'ऑनलाइन काही वाईट घडलं आणि तू आम्हाला सांगितलंस, तर फोन काढून घेतला जाणार नाही.' खासगी फोटोवरून धमकावून पैसे उकळणारे लोक मुलाच्या नेमक्या याच भीतीवर जगतात, की घरी कळलं तर आपलं काही खरं नाही. असं घडलंच तर पैसे देऊ नका, संभाषण पुसू नका, पडद्याचे फोटो काढून ठेवा, मग समोरच्याला ब्लॉक करून तक्रार करा. १८ खालच्या वयात काढलेल्या अशा फोटोंसाठी 'टेक इट डाउन' ही २०२३ पासूनची मोफत सेवा आहे. त्यात फोटो फोनबाहेर जात नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्यांच्या मंचांवर तो फोटो शोधून हटवला जातो.

आणि काही गोष्टी या दोन्ही साधनांच्या कक्षेबाहेरच्या आहेत. मूल घरातून पळून जातंय, मारहाण करतंय, नशा करतंय, आठवडेच्या आठवडे झोप-जेवण बिघडलंय किंवा मरणाबद्दल बोलतंय, तर वेळमर्यादा बदलत बसू नका. डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा, आणि शक्यतो अख्ख्या कुटुंबाला सोबत बसवणारा.

सैल कसं करायचं

बसवण्याइतकंच काढण्याचंही वेळापत्रक हवं, आणि ते पहिल्या दिवशीच मुलाला दाखवायला हवं. एक चालणारा क्रम असा: १३-१४ ला झोपेची वेळ, एकूण मर्यादा आणि नव्या ॲपला परवानगी. १५ ला ॲपची परवानगी सुटते. १६ ला एकूण मर्यादा मूल स्वतः ठरवून स्वतः लावतं आणि आठवड्याचा आकडा फक्त एकत्र बघितला जातो. १७ ला झोपेची वेळही त्याच्या हाती. पुढच्या पायरीची अट मोजता येण्यासारखी ठेवा: सलग सहा आठवड्यांत दोनपेक्षा जास्त वेळा मर्यादा मोडली नाही, तर पुढची पायरी. 'शहाण्यासारखा वागलास तर' ही अट चालत नाही, कारण शहाणपण कुणी मोजायचं यावरूनच भांडण होतं. घसरण झाली तर एकच पायरी मागे, तीन आठवड्यांसाठी, थेट तळाशी नाही.

सतराव्या वर्षीही सगळी कुलपं तशीच ठेवणारं घर मुलाला स्वतः थांबायची सवय लागण्याआधीच बाहेर पाठवतं, जिथे कुलूप लावणारं कुणी नसतं. देखरेख बंद करायच्या दिवशी मुलाकडून त्याचे पासवर्ड बदलून घ्या, खातं परत मिळवण्यासाठी दिलेला पालकाचा फोन नंबर काढून त्याचा टाका, आणि नकाशावरचा ठिपका चालू ठेवायचा का, हे त्याला विचारा.